‘माझ्याकडे सांगण्यासारखी साक्ष नाही’

आदरणीय मावशी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

माझं वय 36. माहेर नगर जिल्ह्यातलं, सासर पिंपरीत. आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. मी एका खासगी कंपनीत हिशेब बघते. घरी नवरा, 9 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नणंद जवळच राहते.

आमच्या मंडळीच्या स्त्री मंडळात दर महिन्याला एक बहीण साक्ष देते, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगते. पुढच्या शनिवारी माझी पाळी आहे. मागच्या तीन साक्षी ऐकून धास्तीच बसलीय. एकीचा कॅन्सर बरा झाला. एकीच्या नवऱ्याची 20 वर्षांची दारू एका उपास-प्रार्थनेत सुटली. एकीला स्वप्नात वचन मिळालं आणि रखडलेलं घर झालं. माझा दिवस पावणेसहाला सुरू होतो. डबे, सासूबाईंचे गुडघे शेकणं, बस, ऑफिस, मुलाचा अभ्यास. यात देव कुठे दिसला म्हणून सांगू? उलट परवा उपासनेला जाताना कोथिंबिरीच्या 10 रुपयांवरून भाजीवालीशी कडाकडा भांडले, आणि पाच मिनिटांनी आत उभी राहून क्षमेचं गीत म्हटलं.

नणंद म्हणते, मुलाच्या डेंग्यूचं सांग. मागच्या पावसाळ्यात त्याच्या प्लेटलेट 28 हजारांवर आल्या होत्या. त्या रात्री पाळकसाहेब दवाखान्यात येऊन प्रार्थना करून गेले आणि सकाळी 41 हजार झाल्या. तिच्या मते हा चमत्कारच. पण डॉक्टर आदल्या दिवशीच म्हणाले होते, उद्यापासून वाढायला लागतील. आणि शेजारच्या खाटेवर एक 7 वर्षांची मुलगी होती. आईवडील बांधकामावर मजूर, जालन्याकडचे. तीन दिवस मी त्या बाईबरोबर माझा डबा वाटून खाल्ला. ती माझ्या फोनवरून नवऱ्याला साइटवर फोन करायची. तिनंही तिच्या देवाला नवस केले होते. ती मुलगी गेली. मी त्या बाईजवळ गेले नाही, बाथरूमची कडी लावून आत बसले. त्याला आता आठ महिने झाले.

डेंग्यूचं सांगू का? की पाळी टाळू? की माझा विश्वासच कोरडा आहे?

तुमची,
एक बहीण, पिंपरी

*

बाळ, सलाम.

तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. सांगण्यासारखं काही नाही म्हणत तू चार पानं भरलीस, हे बघून आधी हसूच आलं. (जागेपायी इथे पत्र कापून छापलंय.) मग शेजारच्या खाटेपाशी आले आणि हसू गेलं.

आधी रोखठोक उत्तर देते, म्हणजे शनिवारचा घोर कमी होईल. डेंग्यूचं सांगू नकोस. निदान नणंद म्हणते तसं तर नाहीच.

मी 34 वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी लेकरांच्या वॉर्डात. डेंग्यू मला पाठ आहे. ताप चढलेला असतो तेव्हा आईबाप घाबरतात आणि उतरला की सुटलो म्हणतात. खरं भय तिथूनच सुरू होतं. ताप उतरण्याच्या सुमाराचे 24 ते 48 तास जपायचे असतात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्तदाब पडतो, पोटात दुखतं, उलट्या थांबत नाहीत, मूल मलूल होतं. तेवढ्या काळात सलाईनचा हिशेब नीट राहिला आणि पोर तगलं, की प्लेटलेट आपल्या आपण वर यायला लागतात. तुमच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं ते हवेतलं नव्हतं. हे तुला माहीत आहे. माहीत असून तू बायांपुढे ‘रात्री प्रार्थना झाली, सकाळी वाढल्या’ म्हणालीस, तर एकेक शब्द खरा असेल आणि साक्ष खोटी असेल.

खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपण शेजाऱ्यापुरती आणि कोर्टापुरती धरतो. बायबलमधला ईयोब, ज्याच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले, तो मात्र त्याच्या मित्रांना विचारतो, देवाची बाजू घ्यायची म्हणून तुम्ही खोटं बोलणार का? हे मित्र काही वाईट लोक नव्हते. तुझ्या नणंदेसारखेच होते, जीव लावणारे. देवाचं नाव मोठं व्हावं एवढंच त्यांना वाटत होतं.

म्हणजे प्रार्थनेनं काही होत नाही, असं माझं म्हणणं नाही. रात्रपाळीला खाटेच्या कठड्याला धरून मी किती वेळा देवबापाला हाक मारली असेल, मोजदाद नाही. ज्यांच्यासाठी रडले त्यातली काही लेकरं गेली. ज्यांची नावंसुद्धा लक्षात राहिली नाहीत ती केळं खात घरी गेली. याचा ताळा मला जमला नाही. सत्तरी ओलांडली, अजूनही जमत नाही. पाळकसाहेब रात्रीचे उठून आले हे मला फार मोठं वाटतं. ते येऊन गेल्यावर तू तासभर डोळा लावलास का? लावला असशील तर तेवढं छातीठोकपणे सांग. प्लेटलेटचं श्रेय मात्र त्यांच्या पदरात टाकू नकोस. त्यांनी तरी कुठे मागितलंय?

आणखी एक. त्या हॉलमध्ये शनिवारी कुणीतरी बसलेली असेल, जिचं माणूस वाचलं नाही. प्रत्येक मंडळीत अशी एक तरी असतेच, आणि ती बहुतेक मागच्या सतरंजीवर, दाराजवळ बसते. गुडघे तिनंही टेकले होते. तुझी डेंग्यूची साक्ष ऐकून ती टाळ्या वाजवेल, ‘हालेलुया’ म्हणेल, आणि घरी जाताना स्वतःला विचारेल की माझ्यात काय कमी होतं. मी अशी बाई जवळून पाहिलीय. माझी सख्खी थोरली बहीण.

आता घरी गेल्यावर मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढ. याईराची मुलगी, 12 वर्षांची. घरात रडारड चाललेली. येशू सगळ्यांना बाहेर काढतो, आईबाप आणि तिघे शिष्य आत नेतो, मुलीचा हात धरून ‘तलीथा कूम’, मुली ऊठ, म्हणतो आणि ती उठून चालायला लागते. साक्ष द्यायची तर याहून मोठी कोणती? आणि तो दोन गोष्टी सांगतो. हे कुणाला कळू देऊ नका. आणि हिला काहीतरी खायला द्या.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्याच्याकडे लक्ष गेलं ते नोकरीला लागल्यावर. मरणाच्या दारातून परतलेलं पोर पहिल्यांदा काय म्हणतं ठाऊक आहे? भूक लागली. आणि घरच्यांना ते ऐकूच येत नाही. ते रडत असतात, पाया पडत असतात, गावाकडे फोन लावत असतात. अशा वेळी भानावर असलेलं एक माणूस लागतं, जे म्हणतं, अगं, ते रडणं राहू दे, आधी पेज आण. याईराच्या घरात ते माणूस खुद्द प्रभू होता. आपण त्याच्या दोन्ही सांगण्यांचं उलटं करतो. बातमी गावभर करतो आणि ताट विसरतो.

तू तीन दिवस ताट विसरली नाहीस. पत्रात ते अर्ध्या ओळीत उरकलंयस. यावर मी जास्त बोलत नाही, नाहीतर तेच शनिवारी सांगशील, आणि उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असंही शास्त्रात आहे.

भाकरीची गोष्ट आमच्या घरात जुनी आहे, म्हणून मी तिच्यावर जरा रेंगाळते. माझी पणजी 1899-1900 च्या दुष्काळात पदराला दोन लेकरं बांधून मिशनच्या दारात गेली. आमचं मूळ महारवाड्यातलं. शाळेत काही पोरी मला ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणायच्या. फार लागायचं. एकदा घरी येऊन वडिलांना विचारलं, खरंच आपण पोटासाठी झालो का? मला वाटलं, ते चिडतील, नाही म्हणतील. ते जोडे शिवत होते. मान वर न करता म्हणाले, “हो. पोटासाठीच. येशूनं पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा कुणाचा बाप्तिस्मा झालाय हे विचारलं होतं का?” त्यानंतर ते शब्द मला कधी तितके लागले नाहीत. पुढे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेले तेव्हाही मला पहिलं तेच आठवलं. 1897 च्या सुमारास त्यांनी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली गोळा करून आणल्या. त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं हे आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. पण त्या पोरींना आल्या दिवशी काय लागलं असेल? पेज, आंघोळ आणि डोक्यातल्या उवा काढणारं कुणीतरी.

चौथ्या पिढीचे असल्यामुळे आपल्याकडे ‘पालट’ नाही, ही खंत तुझ्या ओळींमागे मला दिसली. ती आम्हा नगरकरांची जुनीच खंत आहे. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन 1831 ला आलं. इतक्या पिढ्यांनंतर कुणाला ‘अंधारातून उजेडात आलो’ म्हणायला अंधार कुठून आणायचा? मग आपण कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट काढतो. बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895, मुंबई, हे संडेस्कूलपासून पाठ. पण त्या गोष्टीचं पहिलं पान आठव. 1893 मध्ये ते राजनांदगावला निघालेत. रेल्वेच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी. नेटिव्ह माणूस आत आला म्हणून त्यानं कपाळाला आठी घातली नाही. अदबीनं बोलला, गप्पा मारल्या आणि नव्या कराराची प्रत हातात ठेवली. बस. आज त्या माणसाला कुणी साक्ष द्यायला उभं केलं, तर तो काय सांगेल? एकदा गाडीत एका ब्राह्मणाशी बोललो, माणूस हुशार वाटला. आपण म्हणू, बसा खाली, पुढची बहीण येऊ दे.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई? त्यांचा बाप्तिस्मा 1900 चा. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी स्वयंपाक-पाणी बरेच दिवस वेगळंच ठेवलं होतं. त्यांचा सगळा झगडा चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी झाला. म्हणून तर तो आपल्या बायांना इतका कळतो.

पाण्यावरून माझाच एक प्रसंग सांगते. यातून काय घ्यायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, तेव्हा तूही घाई करू नकोस.

1979 साल असेल. मी एका मिशन दवाखान्यात नवी नर्स. खुब्याचं हाड मोडलेले एक वयस्क गृहस्थ भरती होते, गावचे मोठे शेतकरी. माझ्या आडनावावरून त्यांनी माझी जात काढली आणि माझ्या हातचं पाणी नाकारलं. इंजेक्शन चालत होतं, पट्टी चालत होती, पाणी नको. रात्री दोनला त्यांचे ओठ सुकलेले, भाचा सकाळी येणार. मी पेला घेऊन खाटेशी उभी. खरं सांगू? मला त्यांना पाणी द्यायचं नव्हतं. मला त्यांना हरवायचं होतं. बघू, तहान मोठी की जात मोठी, असं मनात चाललं होतं. आमच्या सिस्टर राउंडला आल्या, त्यांना सगळं एका नजरेत कळलं. त्यांनी व्हरांड्यात झोपलेल्या, त्याच गावच्या एका माणसाला हलवून उठवलं, त्यांचाच तांब्या भरून आणायला लावला आणि म्हाताऱ्याला पाणी पाजलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भांडायचं तर तो पायावर उभा राहिल्यावर भांड. आत्ता त्याला तहान लागलीय.”

मी सिस्टरांवर कित्येक वर्षं राग धरून होते. त्या स्वतः आमच्यातल्याच, आणि त्यांनी जातीपुढे मान तुकवली असं मला वाटलं. आजही अर्धं मन तेच म्हणतं. दुसरं अर्धं म्हणतं, त्या रात्री त्या खोलीत तहानलेल्या माणसाचा विचार करणारं एकच माणूस होतं आणि ते मी नव्हते. गृहस्थ 15 दिवसांनी घरी गेले. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचा पालट झाला, डोळ्यांत पाणी आलं, माझ्या हातचा चहा प्याले, असलं काही झालं नाही. झालं असतं तर ही गोष्ट मी कधीच स्त्री मंडळात सांगून मोकळी झाले असते.

हे अशासाठी लिहिलं की रोजच्या जगण्यातले प्रसंग असेच येतात, अर्धवट. त्यांना बोधकथेची शेपटी जोडायची आपल्या लोकांना फार हौस. दूध उतू गेलं तरी वचन काढतील. तू बसमध्ये उभ्यानं प्रवास करतेस, सासूबाईंचे गुडघे शेकतेस. त्यात रोज देव ‘दिसला’ पाहिजे हा हट्ट सोड. मला तरी दिसला नाही रोज. बेडपॅन धुताना कुणाला काय दिसणार? ते धुवायचं असतं, कारण पुढच्या खाटेवरच्याला लागणार असतं. विश्वास कोरडा आहे का, विचारतेस. कोरडा असता तर 10 रुपयांचं भांडण आठवणीत राहिलं नसतं, आणि आठ महिन्यांपूर्वीच्या बाथरूमच्या कडीबद्दल मला पत्र आलं नसतं.

त्या कडीपाशी आता येते. तू आत का बसलीस, मला ठाऊक आहे. तुझा वाचला होता. तिच्यासमोर ते तोंड घेऊन कसं जायचं? वॉर्डात हे मी पुष्कळदा पाहिलंय. ज्याचं मूल बरं होतंय ती आई शेजारच्या खाटेकडे बघायचं टाळते, जणू आपण काही चोरलंय. तू काही चोरलेलं नाहीस. पण तीन दिवस एका डब्यात जेवलेली बाई चौथ्या दिवशी नाहीशी झाली, एवढं तिच्या लक्षात राहिलं असेल.

नवऱ्याचा नंबर फोनमध्ये असेलच, तो काही तू पुसला नसशील. फोन कर. आठ महिने झाले म्हणून उशीर झाला असं समजू नकोस. मूल गेल्यावर पहिले दोन महिने माणसं येतात, नंतर कुणी त्या मुलाचं नावही काढत नाही. आई त्यानंच जास्त खचते. नाव आठवत असेल तर नाव घे. ‘देवाची इच्छा’ म्हणू नकोस, ‘दुसरं होईल’ तर मुळीच म्हणू नकोस. मुलीला काय आवडायचं ते ती सांगायला लागली तर मधे तोंड घालू नकोस. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ते चांगले मित्र होते. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. आणि हे स्पष्टच सांगते, तिला पत्रिका, वचनं, मंडळीचं आमंत्रण यातलं काही देऊ नकोस. तिच्या दुःखाचा आपल्या कामाला उपयोग करायचा नाही. मग पुढे तिनं आपणहून काही विचारलं तर तुझं तू बघ.

याच कारणासाठी तिची गोष्ट शनिवारीही सांगायची नाही. ती गोष्ट तिची आहे.

मग शनिवारी सांगायचं काय? डेंग्यू नाही, डबा नाही, शेजारची खाट नाही. उरलं काय, तर भाजीवाली. हसू नकोस. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचं बघ. प्रभूला धरून नेलं त्या रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून त्यानं तीनदा नाकारलं, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. ही बाहेर कुणी सांगितली असेल? त्या अंगणात शिष्यांपैकी फार कुणी नव्हतं. मला नेहमी वाटतं, पेत्रानंच सांगितली असणार, पुन्हा पुन्हा, कुठेही बोलायला उभा राहिला की. योहानानं तर एक बारीक खूण ठेवलीय. नाकारलं तेव्हा पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत होता, आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभू पुन्हा कोळशाचा विस्तव करून बसलाय, त्यावर मासळी, शेजारी भाकर. म्हणाला, या, न्याहारी करा. प्रश्न नंतर विचारले, न्याहारी झाल्यावर.

तर, शनिवारच्या आधी त्या भाजीवालीकडे जा. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर, असं मत्तयात आहे. तिथे भाऊ आहे, इथे भाजीवाली. तिला भाषण देऊ नकोस, ती कामात असते. ‘परवा माझं चुकलं’ म्हण, पैसे दे, कोथिंबीर घे, ये. ती कदाचित म्हणेल, ‘कोण तुम्ही? मला आठवत नाही.’ दिवसाला 50 जणी तिच्याशी भांडत असतील. किंवा म्हणेल, ‘आता आलात व्हय!’ आणि चार गोष्टी ऐकवेल. काय होईल ते होऊ दे. जे होईल तेच, तेवढंच, शनिवारी सांग. दोन मिनिटांत संपेल. कुणी विचारलं, यात प्रभूनं काय केलं, तर म्हण, मला 10 रुपये परत द्यायला लावले, आणि बस खाली. मागच्या सतरंजीवरच्या बाईला ही साक्ष झेपेल. तिच्यावरही कुणाचे तरी 10 रुपये निघत असतील.

नणंदेशी वाद घालू नकोस. मुलगा दवाखान्यात असताना घरी सासूबाईंना कुणी बघितलं, ते तू लिहिलेलं नाहीस, पण तिनंच बघितलं असेल, हा माझा अंदाज. भाच्याचा जीव वाचला हे तिला कुठेतरी मोठ्यानं ओरडून सांगायचंय, एवढंच ते आहे. तिला सांग, ताई, तुम्ही सांगा तुमच्या पाळीला, तुम्हाला जसं दिसलं तसं. तिनं डॉक्टरांचं बोलणं ऐकलेलं नाही, तू ऐकलंयस.

पाळी मात्र टाळू नकोस. टाळलीस तर पुढच्या महिन्यात पुन्हा स्वप्नं आणि घरं.

फोन संध्याकाळी साडेसातनंतर कर. तोवर साइटवरून परतून चुली पेटलेल्या असतात. नवऱ्यानं उचलला तर दवाखान्यातली शेजारची बाई म्हणून ओळख दे आणि तिला बोलवायला सांग. ती आल्यावर तुझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते. काहीच सुचलं नाही तर ‘जेवलीस का’ एवढं विचार.

तुझी,
मावशी

ता. क. भाजीवालीकडे सुटे 10 रुपये घेऊन जा. 500 ची नोट काढलीस तर नवं भांडण होईल.